रस्त्यावरचं धान

धनीरामच्या पत्राला श्यामरावांनी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. जवाबी कार्ड होतं ते. एका अर्ध्यावर मजकूर, दुसरा अर्धा उत्तरासाठी कोरा, आणि त्यावर आपली बायको मंदाबाई हिचं नाव, पत्ता धनीरामने आधीच लिहून ठेवलेला. मजकूर थोडकाच होता : 'मास्तरजी, धानावरून सायकल नेऊ नका, बाजूने न्या, असे तुम्हीच पोरींना शिकवले, एवढे लिहून पाठवा. माझी पोर यामिनी ट्रकखाली गेल्यापासून घरची माझ्याशी बोलत नाही. तिला वाचता येत नाही. पोस्टमन दारात वाचून दाखवेल. त्याचे ती खरे मानेल.'

तो कोरा अर्धा आजही त्यांच्या खिशात होता.

श्यामराव मास्तर नव्हतेच. पवनीच्या वाचनालयात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्तीनंतर दर रविवारी ते एसटीने कोंढ्याला येत आणि ज्या पोरींना सरकारी सायकली मिळाल्या त्यांना रस्त्यावर सायकल कशी चालवायची ते फुकट शिकवत. डावी बाजू, हाताची खूण, मागे वळून बघणं, सगळं त्यांनी पुस्तकातून टिपून घेतलं होतं. रस्त्यावर वाळत घातलेल्या धानाचा पुस्तकात उल्लेख नव्हता. आपण त्याबद्दल नेमकं काय सांगितलं होतं, हे त्यांना आठवत नव्हतं. धान म्हणजे लक्ष्मी, तिच्यावर पाय पडला तर हात जोडायचे, अशा घरात ते वाढले होते. म्हणजे 'बाजूने न्या' असंच सांगितलं असणार. वर्षभरात ते वाक्य त्यांना स्वतःच्या आवाजात ऐकू येऊ लागलं होतं. जेवताना ऐकू आलं की घास फिरायचा.

आज रस्त्याची डावी बाजू पुन्हा पिवळी झाली होती. धानाच्या कडेने दगड मांडलेले. पलीकडे गोदावरीबाई हातात खराटा घेऊन राखत बसली होती. पोरी सायकली धरून रांगेत उभ्या राहिल्या. पुढचीने विचारलं, आता कुठून जायचं.

श्यामरावांनी मागे वळून पाहिलं. बाजूने जा म्हणावं तर रस्त्याच्या मधून जावं लागणार, आणि मागून ट्रक येत होते. मग ते कसंबसं म्हणाले, की आधी उतरा, मागे बघा, आणि... धानाला धक्का न लावता...

"सर, मागच्या साली त तुमी धानावरूनच घाला म्हनलं होतं," मागून तृप्ती म्हणाली. ती आता दहावीला होती. बहिणीला सोबत म्हणून आली होती.

"कोणाला?"

"आमाले सगळ्याईले. यामिनीनंच विचारलं होतं तुमाले. तुमी म्हनलं, दाने झाडून घेता येतात, मानूस नाही."

श्यामरावांनी सायकलच्या सीटवर हात टेकला.

"मग ती बाजूने का गेली?"

"पयल्या दिवशी धानावरूनच गेली न. तिच्या बाबाचंच धान होतं. त्याईनं बैल हाकाच्या तुतारीनं मारलं तिले, भर रस्त्यात, सगळ्याईसमोर. म्हनले, पुन्हा चाक घालशील त तंगडी तोडतो." तृप्तीने घंटी उगाच वाजवली. "दुसऱ्या दिवशी बाजूनं गेली. रेतीचा ट्रक आला. बाबा तिथंच बसले होते राखत."

"तू पाहिलंस?"

"मी तिच्या मागंच होती."

"मग इतके दिवस बोलली नाहीस?"

"कोनी विचारलंच नाही."

श्यामरावांनी शिटी वाजवली. एरवी ती अर्धवट वाजायची, आज खणखणीत वाजली. पोरींना त्यांनी सरळ धानावरून जायला सांगितलं. एकामागून एक चाकं कुरकुरत गेली. गोदावरीबाई खराटा घेऊन उठली. "मास्तर, पोरीईले रस्ता शिकवता का माहं धान दळता? लक्षुमी हाय ते."

"झाडून घ्या, बाई," श्यामराव म्हणाले. बायामाणसांशी ते एरवी मान वर करून बोलत नसत.

वर्ग संपल्यावर ते बसथांब्याजवळच्या टपरीवर गेले. तर्री-पोहे घेतले. संपले तेव्हा आणखी एक प्लेट सांगितली आणि तर्री जरा सढळ हाताने घाल म्हणाले. हात पुसून त्यांनी खिशातलं कार्ड काढलं. तिथे 'बाजूने न्या, असे मीच शिकवले' एवढं एक वाक्यही पुरलं असतं. पोस्टमनने ते वाचलं असतं, मंदाबाईने ऐकलं असतं, आणि कदाचित संध्याकाळी तिने नवऱ्याला ताट वाढलं असतं. हे त्यांच्या मनात आलं. तरी त्यांनी लिहिलं :

'यामिनीला मी धानावरूनच सायकल न्यायला सांगितले होते. पहिल्या दिवशी तिने माझे ऐकले. दुसऱ्या दिवशी तिने कोणाचे ऐकले, ते धनीरामला विचारावे.'

वर्षभरात कितीतरी कागद त्यांनी लिहून फाडले होते. आज खाडाखोड झाली नाही. सही करून त्यांनी कार्ड उलटं केलं. पत्ता धनीरामने एकेक अक्षर सुटं काढून, जपून लिहिला होता. कार्ड चुकीच्या दारात जाण्याची भीती नव्हती. त्यांनी ते टपालपेटीत टाकलं.