शेवळाची सोबत

“आजी, आलं! अगं सुरण नाही, शेवळ आलंय!” बाळकुम गावातल्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावरच्या गॅलरीत भावना अक्षरशः नाचत होती.

टॉवरसाठी जमीन दिली तेव्हा सखुबाईंनी तिथली माती एका मोठ्या कुंडीत भरून आणली होती. दर पावसाळ्यात तिच्यात छत्रीसारखं एक पान उगवायचं आणि वाळून जायचं. घरातले सगळे त्याला सुरण समजत. आज मात्र मातीतून शेवळाचा, त्या पावसाळी रानभाजीचा, जांभळट फुलाचा कोंब वर आला होता. वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या भावनाला काय सांगू नि काय नको असं झालं.

“दोघांचं कुळ एक, वंश एक, फक्त जाती वेगळ्या. म्हणजे सख्खी भावंडंच! पण सुरण लोक शेतात लावतात, त्याची काळजी नाही. शेवळ रानातच येतं, आणि रानं चाललीत. हे जपायला हवं, आजी!”

“बाजारात जा, काकडं घेऊन ये,” सखुबाई म्हणाल्या.

भावनाचा चेहरा पडला. काकडाच्या झाडाची ती आंबट फळं घातल्याशिवाय शेवळाची भाजी होत नाही, घसा खाजतो, हे तिलाही ठाऊक होतं. आजीचा शब्द मोडवेना म्हणून ती गेली. पण परत येताच कुंडीपुढे हात पसरून उभी राहिली.

“हे कापायचं नाही हां!”

“कापतंय कोण? सर बाजूला.” सखुबाईंनी तिने आणलेल्यातली निबर काकडं निवडून रुजायला मातीत खोचली. “सुरण असेल भावंड. पण शेवळाला सोबत काकडाचीच लागते.”

“अगं आजी, काकडाचं केवढं मोठं झाड होतं!”

“होऊ दे की. एवढे टॉवर झाले, ते चालले ना?”