पांढरं वर्ज्य

“दूध बंद केलंय? का?” मंजूच्या हातातली रक्ताची सुई काढत डॉक्टरांनी विचारलं.

मंजूच्या आईला, सुगनबाईंना, प्रश्नच कळेना. कोडाच्या पोरीला दूध कोण देतं? पांढरं खाल्लं की पांढरं उमटतं, हे त्यांच्या जळगावच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मंजूच्या ओठाशेजारी पहिला डाग दिसला, त्याच दिवशी त्यांनी तिचं दूध, दही, भात सगळं तोडलं. जैनांघरचं आयंबिल, म्हणजे बिनदुधातुपाचं जेवण, वर्षातून दोनदा येतं. मंजूच्या ताटात ते बारमाही झालं. डाग मात्र पसरतच राहिले. मंजूला बघून गेलेल्या सावद्याच्या पाहुण्यांनी परवा अक्षय्य तृतीयेची मुदत घालून स्पष्टच सांगितलं होतं, “आखाजीपर्यंत डाग थांबले तर बघू. नाहीतर आमची वाट बघू नका.”

धुळ्याचे हे डॉक्टर कोडावर संशोधन करत होते. त्यांनी सावकाश समजावलं. “कातडीचा रंग शरीर टायरोसिनपासून बनवतं. ते एक अमिनो आम्ल, दुधात भरपूर असतं. कोडाच्या रोग्यांत त्याचं काय होतं, ते आम्ही शोधतोय. कदाचित शरीरच स्वतःच्या रंगपेशींवर उलटत असेल. अजून नक्की काही नाही, बाई.”

सुगनबाईंनी ‘दुधात’ एवढंच ऐकलं. पुढचं सगळं कानावरून गेलं.

म्हणजे रंग दुधात होता, आणि आपणच तो पोरीच्या तोंडचा काढून घेतला! परतीच्या एसटीत त्या पदरात तोंड खुपसून रडल्या. नवरा पुखराज खिडकीबाहेर बघत बसला होता. तो कधी बायकोच्या शब्दाबाहेर जात नसे.

रडता रडता सुगनबाईंना एकदम उमेद आली. दुधावाचून गेलेला रंग दुधाने परत येईल की! चूक आपली असेल, तर ती दुरुस्तही आपणच करू.

पारोळ्याला गाडी थांबली तशा त्या लगबगीने उतरल्या आणि हलवायाकडून दुधाचा पेला भरून घेऊन आल्या.

“पी, बेटा. आता रोज पी. आखाजीला अजून वेळ आहे.”

मंजूने पेला घेतला नाही. तिने वडिलांकडे पाहिलं. पुखराजने मान खाली घातली. मग तिनेच आईचे डोळे पुसले.

“रडू नको, माँ. तुझा काही दोष नाही. बाबूजी मला रोज चोरून दूध पाजत होते.”