बंद प्रकरण

रहस्यकथाकार मुरोईचं एकही पुस्तक बाबांनी सोडलेलं नाही. जिम्बोचोतले जुन्या पुस्तकांचे दुकानदारही त्याची ग्रंथसूची बाबांनाच विचारतात. पण बाबांचा खरा जीव अडकलाय तो कॉलेजात असताना मिळालेल्या एका प्रतीत. त्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणाची पानं प्रकाशकानं चिकटवून बंद केली होती. न फोडता परत आणलंत तर पैसे परत, अशी पैजच होती त्याची. धीर कुणाला धरवतोय? त्यामुळे न फोडलेली प्रत आता फक्त बाबांकडे उरली आहे, आणि ती फोडली की तिची किंमत संपली.

"मरायच्या आदल्या दिवशी फोडून वाचीन," असं ते म्हणतात.

आईनं मात्र ते पुस्तक लग्नाआधीच भाड्यानं आणून वाचलंय. बाबा भांडी घासायला टाळाटाळ करायला लागले, की ती चहा पिता पिता नुसतं विचारते, "अहो, सांगू का खुनी कोण ते?" लगेच बाबा कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात पळतात.

काल ते आत सूपच्या वाट्या विसळत होते, तेव्हा मी आईला हळूच म्हटलं, "मला तरी सांग ना, खुनी कोण?"

आईनं आत एकदा डोकावून पाहिलं.

"मला कुठं माहीत गं? भाड्याच्या प्रतीतली ती पानं कुणीतरी आधीच फाडून नेली होती. म्हणून तर ह्यांना होकार दिला. म्हटलं, आज ना उद्या फोडतील."