सासूची मुंबई, घोंगडीसकट

"आधी राणीची बाग, मग मुंबादेवी, मग चौपाटी. दिवे लागायच्या आत घरी!" कांतानं बोटांवर दिवस आखला.

"आणि महालक्ष्मी गो?" सासूनं विचारलं.

"तिथं फार गर्दी असते, आये."

गर्दी कसली! महालक्ष्मीच्या वाटेवर आर्थर रोडचा तुरुंग लागतो. सासूचा, लक्ष्मीआयेचा, एकुलता एक लेक आणि कांताचा नवरा गणपत संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडला गेला होता आणि तीन आठवडे तिथंच बसून होता. जाता जाता कांताला बजावून गेला होता, "आयेला सांगू नकोस. ऐकून हाय खाईल ती." म्हणून लालबागच्या अख्ख्या चाळीला पढवलेलं : गणपत गिरणीच्या कामानं सोलापूरला गेलाय.

पण म्हातारी काल कोकण बोटीतून उतरली. बोटीत सगळी लालबागचीच माणसं, कोण काय बोललं असेल देव जाणे. आणि म्हातारीनं लेकाचं नाव काढू नये? दर पत्रात "गणपत दूध पिता मां?" विचारणारी बाई ही!

विचारलं ते भलतंच.

"फाउंटनाक पोलीस खंय उभे रवतत गो?"

"तुम्हाला कशाला हवेत पोलीस?"

"बघूक. आमच्या गावात एकच, तोय सदा निजलेलो."

"तिथं रोज धरपकड चाललीय, आये. नाही जायचं."

"रोज? किती वाजता?"

कांतानं दिवा मालवला.

सकाळी म्हातारीनं गाठोडं बांधलं. घोंगडी, एक लुगडं, तांब्या, वर सुक्या जवळ्याच्या चटणीची बरणी.

"अहो, संध्याकाळी परत यायचंय आपल्याला!"

"समुद्रावर थंडी वाजता."

"आणि चटणी?"

"वाघाक घालतंय."

बागेत वाघ समोर आला, तर म्हातारीनं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, चटणी तर लांबच. मुंबादेवीला उभ्या उभ्या हात जोडले. "झाला बघून. चल फाउंटनाक." बसकणच मारली रस्त्यात. शेवटी कांता हरली. "ट्राममधूनच बघायचं हां. खाली उतरायचं नाही."

फाउंटनला ट्राम थांबली. समोर घोषणा चालल्या होत्या, पोलीस माणसं धरून गाडीत भरत होते. कांता बघतच राहिली. वळली, तर शेजारची जागा रिकामी.

"आये!"

म्हातारी गर्दी कापत पार पुढे पोचली होती. "मुंबई आमची!" असा टिपेचा आवाज काढला की हवालदारही दचकला.

"आजी, बाजूला व्हा, घरी जा."

घरी कोण जातंय! आधी गाठोडं गाडीत फेकलं, मग पदर खोचून स्वतः चढली. कांता धावत पोचेपर्यंत दार लागलं.

"आये, उतरा! काय करताय हे?"

जाळीला तोंड लावून म्हातारी म्हणाली, "तू घरी जा गो, भात खा. चटणी नेतंय मी. आणि तुरुंगात भेटाक गेलंस तर गणपताक सांगू नको हां, आये आत इली म्हणान. ऐकान हाय खायत तो!"