आत्याचा वास

दारातच आत्या थांबली. एक चप्पल पायात, एक बाहेर. तिने स्वतःचे तळहात हुंगले, मग बाही, मग ओढणीचं टोक. तिथे साबणाशिवाय काही नव्हतं. वास मात्र घरात होता, आणि चांगलाच उग्र होता.

हा वास तिने कुठेही ओळखला असता. खाण्याच्या पदार्थांना चव देणारे अर्क बनवायच्या कारखान्यात ती कामाला होती. पिंपावर नाव लांबलचक होतं, आयसोव्हॅलेरिक आम्ल. कारखान्यात सगळे त्याला नुसतं ‘मोजे’ म्हणत, दिवसभर बुटात कोंडलेले मोजे. थेंबभर बेतानं मिसळलं की बिस्किटाला चीजची चव येते आणि खाणारे बोटं चाटतात. अंगावर सांडलं तर मात्र पिच्छा सोडत नाही. बसमध्ये तिच्या शेजारची जागा कायम रिकामी राही. ती म्हणे, बरंच आहे, पिशवीची सोय होते.

बाळ घरी आलं आणि ही थट्टा संपली. "ताई, राग मानू नका," भावजय म्हणाली होती, "पण बाळाच्या दुपट्यालाही तुमचा वास लागतोय." राग कसला मानणार? तिलाही तो येत होता. तिने हात घासून घासून कातडी सोलवटून घेतली, बाळाला घेणं सोडलं, आणि शेवटी गेल्या आठवड्यात पिशवी भरून मैत्रिणीकडे राहायला गेली. आज बाळ दूध घेत नाही असा भावाचा फोन आला, तेव्हा तिला तिथे बसवेना.

"आलात?" भावजयीने सवयीने ओढणी नाकाला लावली. "तिकडेच बसा हं ताई. तो सारखा ओकतोय. सकाळपासून डोळेसुद्धा उघडत नाही."

आत्या बसली नाही. खिडकीपाशी गेली, दाराशी परत आली, पलंगाच्या दिशेने दोन पावलं टाकली. वास वाढला. ती मागे सरली, वास कमी झाला. ती पुन्हा पुढे गेली.

"काय चाललंय तुमचं?"

"मी गेल्यावर घर पुसलं होतंस?"

"पुसलं काय, पडदेसुद्धा धुतले. भिंतींत मुरलाय तो, ताई. आता तर आम्हाला कळतही नाही."

भाऊ आतल्या खोलीतून बाळाचे कोरडे लंगोट घेऊन आला. "डॉक्टरीणबाईंना बरोबर कळला," तो म्हणाला. "परवा नेलं, तर पहिलंच विचारलं, याच्या अंगाला वास कसला येतोय? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, बहिणीच्या कारखान्याचा आहे, त्याकडे लक्ष देऊ नका. मग त्या काही बोलल्या नाहीत."

आत्याने पुन्हा स्वतःचे तळहात हुंगले.

"परवा मी इथे होते का रे?"

ती पलंगाकडे निघाली तेव्हा भावजयीचा हात अडवायला पुढे झाला आणि अर्ध्यातच राहिला. आत्याने बाळाला उचललं. ते ओल्या टॉवेलासारखं तिच्या हातावर लोंबलं. तिने त्याच्या कानामागे नाक नेलं. नुकतंच न्हाऊ घातलेलं पोर, आणि वास असा की कुणी पिंपाचं झाकण उघडलंय.

"हा माझा नाही," ती म्हणाली. "याचा आहे. चला."

दवाखान्यात तिने एका दमात सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या टाळूवर नाक टेकवलं आणि लगेच नर्सला हाक मारली. सुई आली, नळी आली, रक्त तपासायला गेलं, दूध बंद झालं. दुधातली प्रथिनं याच्या शरीरात नीट मोडत नाहीत, अर्ध्यावर अडकतात आणि आम्ल साचत जातं, असं त्यांनी हात चालवता चालवताच सांगितलं. त्या आम्लाचं नाव त्यांनी घेतलं तेव्हा आत्याने ते त्यांना पुन्हा उच्चारायला लावलं. हे नाव तिने आजवर फक्त पिंपावर वाचलं होतं.

"वाचेल ना?" भावाने विचारलं.

"आत्ता काही सांगता येत नाही. बाहेर थांबा."

बाहेर आत्या येरझाऱ्या घालत राहिली. बाकावर बसे, उठे, हात हुंगे, पुन्हा चालू लागे. भावाने मान वर केली नव्हती.

"ताई, मी तेव्हा तुझ्यावर ढकललं नसतं तर..."

"मला विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं," ती म्हणाली. तेच तिला आतून खात होतं. घरात नासकं काही असेल तर ते आपणच, हे तिनेही किती सहज मानलं होतं.

बाळाने डोळे उघडले तोवर दुसरा दिवस अर्धा सरला होता. आत एका वेळी दोघांनाच सोडत होते. भावजयीने आत्याला हाक मारली. आत जाण्याआधी हात धुवायचे होते. आत्या धुवायला लागली आणि धूतच राहिली, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. शेवटी भावजयीने पुढे होऊन नळ बंद केला.

"बास झालं, ताई. या, आणि मला वास बघून सांगा. माझं नाक मेलंय."

आत्या वाकली. नळ्या सांभाळत तिने बाळाच्या मानेच्या वळीत नाक खुपसलं. औषधाचा वास होता, दुपट्याचा होता. तो दुसरा अगदी पुसट, शोधावा लागेल इतकाच.

"उतरलाय," ती म्हणाली आणि सरळ झाली.

"पुन्हा एकदा बघा," भावजय म्हणाली, आणि बाळाचं दुपटं तिने स्वतःच्या हाताने सैल केलं.