झाकण उघडंच होतं

वैशाली लॅपटॉपशेजारी चहा ठेवायला वाकली की विपुलची स्क्रीन काळी व्हायची. ती बाजूला झाली की परत उजळायची.

"मी आले की काय लपवता?"

"काय न्हाय. लिनक्स टाकलंय, डिस्प्लेचा लोचा हाय."

"माझ्यापुरताच?"

चौथ्या दिवशी ती खुर्चीमागे उभीच राहिली. "शोधा माझ्यासमोर."

काल्हेरच्या गोदामाचं काम बाजूला ठेवून त्याने डिस्प्लेचा ड्रायव्हर बदलला. फरक पडला नाही. मग त्याने लॉग, म्हणजे लॅपटॉपने स्वतः ठेवलेल्या नोंदी, उघडला. रोज चहाच्या वेळेला एकच नोंद होती : झाकण मिटलं.

"झाकण तर उघडंच असतं," म्हणत वैशालीने त्या ओळीकडे बोट नेलं, मनगट कीबोर्डच्या कडेला टेकलं आणि स्क्रीन गेली. विपुलने तिचा हात उचलला. स्क्रीन आली. परत टेकवला. गेली.

"तुझ्या तोड्याच्या कडीत चुंबक हाय. झाकणातबी असाच चुंबक असतो, त्याच्यामुळं लॅपटॉपला वाटतं, झाकण लावलं."

वैशालीला हसू आलं. चार दिवस उगाच संशय घेतला.

विपुलने हात सोडला नाही. तो कडीकडेच बघत होता.

"आईनं लग्नात तुला घातलेल्या सोन्याच्या तोड्याला फिरकीची कडी होती. तो कुठाय?"