तमाल्यांत मीठ कमी

साडेबारा वाजले तरी हर्लिंडाच्या पातेल्याचं झाकण कोणी उचललं नव्हतं.

टेक्सासमधल्या त्या छोट्या गावातल्या हॉस्पिटलात नर्सेसच्या सन्मानाचा आठवडा चालू होता. आज प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणायचं आणि मिळून जेवायचं. टेबलावर भाजलेलं मांस होतं, बटाट्याचं सॅलड होतं, वॉर्डातल्या ट्रेंटच्या बायकोने केलेलं केळ्याचं पुडिंग होतं. सगळ्यांत डाव फिरत होते. हर्लिंडाच्या तमाल्यांना मात्र हात लागत नव्हता. मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेले हे तमाले एरवी सगळ्यांत आधी संपायचे. मागच्या वर्षी शेवटच्या दोनांसाठी ट्रेंट फार्मसीवाल्याशी चक्क भांडला होता.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. हिवाळ्यात हार्टच्या वॉर्डातल्या मॉनिटरांचा आवाज इतका कमी करून ठेवला होता, की अलार्म वाजला तरी खोलीबाहेर ऐकू यायचा नाही. हर्लिंडाने दोनदा तोंडी सांगून पाहिलं. मग सरळ राज्याच्या आरोग्य खात्याकडे लेखी तक्रार केली. तपासणीला माणसं आली, वॉर्डाची झाडाझडती झाली, सगळ्यांना पुन्हा ट्रेनिंगला बसवलं आणि एकतीस वर्षं नोकरी झालेल्या मुख्य नर्सला, व्हर्लीन कुबेनाला, तीन महिने खाली रेकॉर्ड रूममध्ये पाठवलं. आवाज तिनेच कमी केला होता. पेशंटना जरा झोप लागावी म्हणून.

हर्लिंडाची नोकरी टिकली ती समोरच्या भिंतीवरच्या कागदामुळे. पेशंटला धोका आहे असं कळवणाऱ्या नर्सला कामावरून काढता येणार नाही, तिचा पगार कापता येणार नाही, ड्युट्या बदलून तिला छळता येणार नाही, असा कायदाच होता. त्या कागदाचे उपकार ती विसरली नव्हती. आत्ताही कुठे बघावं ते न सुचून ती तिकडेच बघत होती.

"वाच, वाच," ट्रेंट म्हणाला. "तुला काढायचं नाही, असं लिहिलंय. तू केलेलं खायचंच, असं कुठे लिहिलंय?"

दोघीतिघी हसल्या. हर्लिंडाने खिशातला बदलीचा अर्ज चाचपला. भरलेलं पातेलं तसंच घरी न्यायची वेळ आली, तर जाता जाता अर्ज ऑफिसात द्यायचा, असं तिने सकाळीच ठरवलं होतं.

तेवढ्यात दार उघडून व्हर्लीन आत आली. ट्रेंटने लगबगीने खुर्ची पुढे केली. "या, मिस व्हर्लीन, बसा. तुमच्याशिवाय मजा नाही."

ती बसली नाही. हातातला कोलाचेंचा, म्हणजे जर्दाळू भरलेल्या गोड पावांचा, डबा टेबलावर टेकवून ती थेट पातेल्यापाशी गेली. झाकण उचललं, दोन तमाले घेतले आणि उभ्या उभ्याच एकाचं पान सोलून मोठा घास घेतला. सगळे बघत राहिले.

"हर्लिंडा, यात मीठ कमी आहे."

"हो का, मिस व्हर्लीन?" हर्लिंडाने विचारलं.

"कमीच आहे. तोंडावर सांगतेय. आणि सांगितलं म्हणून कोणी माझं वाकडं करायचं नाही. ते बघ, भिंतीवर लावलंय."

हसावं की नाही, कोणाला कळेना. व्हर्लीनने हात पुसले.

"खाली मला काम काय होतं, माहितीये? हिवाळ्यातल्या सगळ्या अलार्मच्या नोंदी तपासायच्या. एकूण एक. नऊ वेळा खरा वाजला होता, बाबांनो. नऊ वेळा आपल्यातलं कोणी उठलं नाही, कारण मी तो ऐकूच येऊ दिला नव्हता. ती नऊ माणसं जगली ती केवळ नशिबाने. एखादं गेलं असतं, तर रविवारी चर्चमध्ये त्याच्या बायकोशेजारी मी कुठलं तोंड घेऊन बसले असते?"

मग ती हर्लिंडाकडे वळली. "मी तुला दोनदा म्हटलं होतं, गप बस. उपकार झाले, पोरी, तू बसली नाहीस. आणि बदलीचा फॉर्म नेलायस म्हणे. तो फाड. सोमवारी मी वर येतेय. मला सांगणारं कोणीतरी हवंच की नाही?"

हर्लिंडाचे डोळे भरून आले. "मी... मी मीठ घेऊन येते," ती म्हणाली.

"आण. आणि जरा जास्तच आण."

आता मात्र सगळेच हसले. हर्लिंडा मीठ आणायला गेली. पातेल्याकडे हात वळू लागले, तोच बाहेर अलार्म वाजला. चांगला खणखणीत. हातातल्या ताटल्या मिळेल तिथे ठेवून सगळे धावले.

चार नंबरच्या खोलीत म्हातारेबुवा चष्मा घ्यायला वाकले होते आणि छातीवरची मॉनिटरची चिकटपट्टी निघाली होती. बाकी काही नव्हतं. ट्रेंट ती परत चिकटवू लागला.

"माफ करा, तुमचं जेवण मोडलं," म्हातारा ओशाळून म्हणाला.

"मोडू दे हो," व्हर्लीन म्हणाली. "ऐकू आलं, हे काय थोडं झालं?"

मीठ घेऊन हर्लिंडा परतली, तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. पातेल्याचं झाकण बाजूला पडलं होतं. ट्रेंटच्या ताटलीत, पुडिंगच्या शेजारी, अर्धवट सोललेला एक तमाला होता. त्याचा एक घास खाल्लेला होता.

तिने त्यावर चिमूटभर मीठ भुरभुरलं आणि गार होऊ नये म्हणून वर दुसरी ताटली पालथी घातली.